माणसं सोपवताना

गणेशोत्सव मंडळाचं दप्तर सोपवायला एक दुपार पुरते. पावतीपुस्तकं, इतिवृत्ताची वही, पासबुक, ट्रस्टचा नोंदणी दाखला, हिशेबाच्या फायली, परवानग्यांचे जुने अर्ज, कपाटाच्या किल्ल्या. यादी करायची, दोघांनी खाली सही करायची, झालं. बडोद्यात दांडिया बाजाराच्या अंगाला आमचं मंडळ आहे. तिथे मी बरीच वर्षं चिटणीस होते. आता ती जबाबदारी माझ्या लेकीच्या वयाची एक मुलगी सांभाळते. दप्तर आम्ही खरोखर एका दुपारीच आवरलं. त्याआधीची काही वर्षं मी तिच्याकडे जे देत होते, त्याची नोंद मात्र कुठल्याच यादीत नाही. मी तिला माणसं देत होते.

हे ऐकायला जरा विचित्र वाटेल, म्हणून नीट सांगते. आमच्यासारखं मंडळ चालतं ते दीडदोनशे घरांच्या वर्गणीवर, एका मूर्तिकारावर, एका मांडववाल्यावर, खंडेराव मार्केटातल्या फुलवाल्या बाईवर, आचाऱ्यावर, आणि आरतीला रोज येणाऱ्या व कधीच न येणाऱ्या सभासदांवर. यांतल्या प्रत्येकाचं नातं म्हणायला मंडळाशी असतं, पण प्रत्यक्षात कुणा एका माणसाशी असतं. मूर्तिकार मंडळाला उधारी देत नाही, मला देतो. वरच्या मजल्यावरच्या आजी मंडळाला वर्गणी देत नाहीत, चहा पिऊन गेलेल्या सूनबाईला देतात. चिटणीस बदलला की हे सगळं आपोआप नव्या माणसाकडे जातं असं आपण धरून चालतो. मग दोन वर्षांत मंडळ आटलं की नव्या पिढीला बोल लावतो. अशी आटलेली मंडळं मी जवळून पाहिली आहेत. तिथली मुलं आळशी नव्हती. त्यांच्या हाती किल्ल्या दिल्या होत्या आणि दारं कुठली ते कुणी दाखवलंच नव्हतं.

मला ती दारं नानांनी दाखवली.

नाना आमचे आधीचे चिटणीस. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची. तरुणपणी आखाड्यात घाम गाळलेला माणूस. बडोद्यातल्या जुम्मादादांच्या आखाड्याची गोष्ट मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकली. उस्ताद जुम्मादादांचे शिष्य प्रो. माणिकराव यांनी तो आखाडा पुढे चालवला, वाढवला आणि नाव मात्र आपल्या उस्तादांचंच राहू दिलं. हे सांगताना नानांचा आवाज बदलायचा.

त्यांची दुसरी आवडती गोष्ट सयाजीरावांची. बडोद्यातल्या मराठी घरात ती लहान मुलांनाही ठाऊक असते. 1875 मध्ये नाशिककडच्या कवळाण्याचा, शेतकरी घरातला 12 वर्षांचा मुलगा दत्तक येतो आणि 28 डिसेंबर 1881 रोजी राज्याचा पूर्ण अधिकार त्याच्या हाती येतो. मधली सहा वर्षं शिकण्यात गेली. कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते, इलियटसाहेब शिकवत होते, आणि अखेरीस खुद्द दिवाणांनी त्या मुलाला राज्य कसं चालवावं यावर व्याख्यानं दिली. बहुतेक लोक गोष्ट इथे संपवतात. नाना पुढचंही सांगायचे. अधिकार दिल्यावर वर्षभराच्या आत माधवराव दिवाणगिरीवरून दूर झाले, आणि महाराज आपल्या प्रांतांचे दौरे करू लागले. "व्याख्यानातून कायदा कळतो," नाना म्हणायचे, "रयत कळायची तर हिंडायला हवं."

आणि ते हिंडायचे. आषाढ लागला की वर्गणीच्या फेऱ्या सुरू. मी लग्न होऊन धुळ्याहून बडोद्यात आले, बँकेत नोकरीला लागले. हिशेब येतो म्हणून नानांनी मला मंडळात ओढलं. पहिल्या वर्षी माझं काम एकच होतं, पावती लिहायची. बोलायचे ते. प्रत्येक दारात एकच वाक्य ठरलेलं: "या आमच्या सूनबाई, पुढे याच येतील." त्या वेळी मला संकोच वाटायचा, कारण मी कशालाच हो म्हटलेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी नाना खाली ओट्यावर बसायचे आणि मी एकटी जिना चढायचे. काही अडलं तर खाली येऊन विचारायचं. तिसऱ्या वर्षी ते फेरीला आलेच नाहीत. ज्या घरांनी त्यांना "तुम्ही का नाही आलात?" असं विचारलं, त्या घरी ते नंतर एकटेच जाऊन गप्पा मारून आले, वर्गणीचा विषय काढला नाही.

त्यांची एक वही होती. लांबट, किराणा दुकानात असते तशी. घराला एक पान. वर्गणीचा आकडा त्यात नसायचा, तो पावतीपुस्तकात असतोच. त्यात असायचं असं काही: यंदा सुतक, फक्त भेटून यायचं. आजोबांना जिना उतरवत नाही, प्रसाद वर नेऊन द्यायचा. मुलगा वेगळा झाला आहे, दोघांना वेगळी निमंत्रणं, दोन्ही एकाच दिवशी. यांच्याकडे वर्गणी कमी येते म्हणून कुणी काही बोललं होतं, तो विषय पुन्हा कधीही नको. ती वही नानांनी मला दिली तेव्हा मी समजले की आता मी चिटणीस आहे. निवडणूक त्यानंतर झाली.

तर माझी पाळी आली तेव्हा मी याच वाटेने जायचं ठरवलं होतं. फक्त बडोदं तेच राहिलेलं नव्हतं. जुन्या वाड्यांतली आमची निम्मी घरं कारेलीबागेत, मांजलपूरला, वाघोडिया रोडच्या फ्लॅटमध्ये गेलेली. वर्गणी फोनवर येऊ लागलेली. ती सोय उत्तमच आहे, पण फोनवर पैसे पाठवणाऱ्या माणसाच्या दारात कुणी जात नाही, आणि त्याच्या घरात काय चाललंय ते मंडळाला कळत नाही.

पुढे कुणाला आणायचं, यावर आमच्या समितीत बरंच बोलणं झालं. बहुतेकांच्या मनात विसर्जनाच्या मिरवणुकीत पुढे नाचणारी, माइक हातात घेतला की न सोडणारी दोन-तीन मुलं होती. मुलं चांगलीच होती, उत्साह खरा होता. माझं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. मुलांच्या अथर्वशीर्ष पाठांतर स्पर्धेचं टेबल एक मुलगी बघायची. शिकून नुकतीच फिजिओथेरपिस्ट झालेली. आदल्या वर्षी एक लहान मुलगा अर्ध्यावर विसरला होता आणि रडत खाली उतरला होता. पुढच्या वर्षी हिने त्याचं नाव यादीत मुद्दाम मध्ये घातलं. पहिला नंबर लागला असता तर घाबरला असता, शेवटचा लागला असता तर वाट बघून गळाठला असता. त्याच्या आधी तिने त्याच्याच सोसायटीतल्या मित्राला ठेवलं. मुलगा सगळं म्हणून खाली आला. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, मी यादी वाचताना विचारलं तेव्हा कळलं. ज्याला माणसं लक्षात राहतात आणि त्या लक्षात राहण्याचा उपयोग करता येतो, त्याला बाकीचं शिकवता येतं. परवानग्या, हिशेब, बैठका हे सगळं शिकवण्यासारखं आहे. मिरवणुकीतल्या मुलांनाही आम्ही कामं दिली आणि त्यांतला एक आज उत्तम मिरवणूकप्रमुख आहे. पण चिटणिसाच्या जागेसाठी मी तिचं नाव धरलं.

तिच्याबरोबर आणखी एकाला तयार करत होते. विजेच्या कामात अतिशय हुशार मुलगा. मांडवाचं तात्पुरतं वीज जोडणीचं काम, भार किती, वायर कुठून, कोणता खांब पावसात धोक्याचा, सगळं त्याने डोक्यात घेतलं. दोन उत्सव त्याने एकहाती सांभाळले आणि मग कॅनडाला गेला. बडोद्यात हे घरोघरी चाललंय. समितीत हळहळ झाली, "इतकं शिकवलं आणि गेला" असंही कुणी म्हणालं. मला ते पटत नाही. तो जाताना मांडवाच्या वायरिंगचा नकाशा काढून, त्यावर मराठीत सूचना लिहून गेला आणि आपल्या हाताखालच्या धाकट्या मुलाला मूर्तिकारापासून वीज कंपनीच्या कचेरीपर्यंत सगळीकडे नेऊन आणून गेला. शिकवलेलं माणूस इथेच राहील याची खात्री कुणालाच देता येत नाही. त्याने जाण्याआधी दुसऱ्याला शिकवावं एवढंच मागता येतं, आणि ते मात्र मी सगळ्यांकडे मागते.

मुलीबरोबरची पहिली फेरी खंडेराव मार्केटातून सुरू झाली. फुलवाल्या बाईंनी तिच्याकडे बघून मला विचारलं, "बेन, आ तमारी दीकरी?" मी म्हटलं, "आमच्या मंडळाची. आता हीच येईल." नानांचंच वाक्य माझ्या तोंडून गेलं. मग त्या दोघी गुजरातीतून हारांच्या भावावर सुरू झाल्या आणि मी बाजूला झाले. तिची गुजराती माझ्यापेक्षा कितीतरी मोकळी आहे, इथेच जन्मलेली ती. दहा दिवसांचे हार एकदम ठरवण्याऐवजी गौरीच्या दिवसांत भाव चढतो तेवढेच दिवस आधी बांधून घ्यायचे आणि बाकीचे रोजच्या भावाने, हे तिने उभ्या उभ्या ठरवलं.

घरांच्या फेऱ्यांत तिचा वेळ जास्त लागायचा. एका घरी आजोबांच्या खांद्याचा व्यायाम दाखवत बसली, दुसरीकडे सुनेचं ऐकत बसली. तिच्याबरोबर आलेली पोरं घड्याळाकडे बघायची. मी काही बोलले नाही, कारण फेरीचं मुख्य काम तेच होतं. पावती लिहायला एक मिनिट लागतं.

वहीवरून मात्र आमची बरीच चर्चा झाली. तिला वाटलं की हे सगळं फोनवरच्या तक्त्यात भरून समितीच्या गटात टाकावं, म्हणजे सगळ्यांना दिसेल. मी त्याला ठाम नकार दिला. लोकांनी दारात उभं राहून विश्वासाने सांगितलेली गोष्ट गटात टाकायची नसते. कुणाचा मुलगा वेगळा झाला, कुणाची नोकरी गेली, हे चिटणिसाला कळलं ते निमंत्रण कसं द्यायचं ते ठरवण्यासाठी. तिचं दुसरं म्हणणं असं होतं, "काकू, वही हरवली तर? भिजली तर?" ते अगदी बरोबर होतं. म्हणून तिने दुसरी प्रत हाताने लिहून काढली. वाचता वाचता तिला सगळी घरं पाठ झाली, हा फायदा आम्ही कुणीच मोजला नव्हता. तिची प्रत गुजराती लिपीत आहे, भाषा मराठी. शाळेत तिचा हात गुजरातीवर बसलेला, देवनागरी वाचते पण लिहिताना अडते. समितीतल्या एका ज्येष्ठ सभासदांना हे खटकलं. इतिवृत्ताच्या वहीबाबत मीही त्यांच्या बाजूची होते: ती वही पहिल्या पानापासून देवनागरीत आहे आणि तशीच राहायला हवी. तिने त्यासाठी सराव केला. पहिल्या काही बैठकांची इतिवृत्तं तिने आधी कच्ची लिहून मग शांतपणे उतरवली. पण स्वतःच्या वहीत कुणी कोणत्या लिपीत लिहावं हा त्याचा प्रश्न आहे, आणि हे मी बैठकीत स्पष्ट सांगितलं.

आमच्या मंडळात एक पद्धत आम्ही ठरवून घातली. पदाला दोन माणसं. पहिल्या वर्षी जुना चिटणीस आणि नवा सहचिटणीस. पुढच्या वर्षी काम नव्या माणसाने करायचं, जुन्याने शेजारी बसायचं. त्यानंतर खुर्च्यांची अदलाबदल: नवा चिटणीस होतो आणि जुना एक वर्ष त्याचा सहचिटणीस म्हणून राहतो. शेवटचा टप्पा लोकांना अवघड वाटतो. आपल्याच हाताखालच्या माणसाच्या हाताखाली कसं बसायचं? पण त्या एका वर्षात जे होतं ते आधीच्या दोन्ही वर्षांत होत नाही. तोवर प्रत्येक जण माझ्याकडेच बघून बोलत असतो. बैठकीत ती प्रश्नाचं उत्तर देत असायची आणि सभासद मान माझ्याकडे वळवायचे. "काकू, तुमचं काय मत?" मी दर वेळी म्हणायचे, "चिटणीस सांगतील." सुरुवातीला लोकांना तो माझा रुसवा वाटला. मग मी बसायची जागाच बदलली. पहिल्या रांगेतून उठून मागे, चहाच्या टेबलापाशी जाऊन बसू लागले, म्हणजे माझ्याकडे बघायचं तर पाठ वळवावी लागेल. हळूहळू माना समोरच राहू लागल्या.

गप्प राहणं सोपं नव्हतं. ती मूर्तिकाराकडे शाडूच्या मूर्तीचं बोलायला गेली तेव्हा मी सोबत होते. मी स्वतः हा विषय पूर्वी काढला होता आणि त्यांनी हसून टाळलं होतं. शाडू वजनाला जड, पावसाळी हवेत वाळता वाळत नाही, घाईने वाळवली तर तडा जातो. मोठ्या मूर्तीला कुणी हमी देत नाही. तिने मूर्ती मागितलीच नाही. आधी त्यांना विचारलं की तुमच्या शेडमध्ये पावसाआधी किती उंचीची मूर्ती पूर्ण वाळते. ते सांगत गेले, ती लिहून घेत गेली. मग म्हणाली, "दादा, मग त्याच उंचीची करू. ऑर्डर अक्षय्य तृतीयेला देते, तुम्ही म्हणाल तेवढी उचल देते." ते तयार झाले. मूर्ती लहान झाली म्हणून काही सभासद नाराज होते. तिने त्यांच्यासमोर कारणं मांडली आणि निर्णय बदलला नाही.

सहीबद्दल माझं मत सांगायलाच हवं, कारण इथे बऱ्याच संस्था अडखळतात. बँकेतली सही आम्ही तिला चिटणीसपद देण्याच्या आधी दिली. तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या लागतात, त्यात तिचं नाव घातलं. लोक उलट करतात. पद देतात, सत्कार करतात, आणि चेकवर सही जुन्या माणसाचीच ठेवतात. मग नव्या चिटणिसाला मांडववाल्याशी बोलताना दर वेळी "विचारून सांगते" म्हणावं लागतं, आणि मांडववाला शहाणा असतो, तो दुसऱ्या दिवसापासून थेट जुन्या माणसालाच फोन करतो. सही दिली त्याबरोबर मी तिला पैशाची शिस्तही दिली: रोख वर्गणी त्याच आठवड्यात बँकेत, कोरी पावती कुणाच्या खिशात नाही, बाद झालेली पावती फाडायची नाही तर तिरकी रेघ मारून पुस्तकातच ठेवायची, आणि विसर्जनानंतर पितृपक्ष संपायच्या आत सगळी बिलं भागवून हिशेब बैठकीपुढे.

लाउडस्पीकरच्या नियमावरून तिच्यावर पहिला मोठा दबाव आला. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातल्या ठरावीक दिवशी, जास्तीत जास्त 15, मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. सूट नसलेल्या दिवशी मुलांचा कार्यक्रम लांबला आणि पालक म्हणाले, अजून तीनच नाच राहिलेत. तिने बरोबर दहाला आवाज बंद केला आणि उरलेले तीन नाच दुसऱ्या दिवशी आरतीनंतर सगळ्यांत आधी घेतले. रागावलेल्या तीन घरी ती त्याच रात्री स्वतः जाऊन आली.

ती चिटणीस झाली त्या पहिल्याच वर्षी, 2024 ला, पूर आला. गोकुळाष्टमीपासून पाऊस धरला आणि विश्वामित्री नदीचं पाणी 35 फुटांच्याही वर गेलं. समा, फतेहगंज, अकोटा, मुजमहुडा, कारेलीबाग, किती भाग पाण्याखाली गेले. घरांच्या दारात मगरी आल्या. माणसं काढायला लष्कर आलं. आमची गल्ली उंचावर, ती कोरडी राहिली. पण आमची माणसं आता शहरभर पसरलेली. तिच्या स्वतःच्या घरात तळमजल्यावर पाणी होतं. गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, म्हणजे हाताशी दोन आठवडेही नव्हते.

वीज गेलेली, फोन चार्ज करायची सोय नाही. वहीची तिची प्रत घरी वरच्या मजल्यावर होती आणि माझ्याकडची गल्लीत. तिने एका मुलाच्या फोनवरून एकदाच फोन केला: "काकू, तळमजल्यावर एकटे राहणारे कोण कोण, ते वहीतून काढा. मी माझ्या बाजूने काढते." आम्ही दोघींनी काढलं. कुणाचं ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालतं, कुणाचा मुलगा बाहेरगावी आहे, कुणाला जिना चढवत नाही. निमंत्रण कसं द्यायचं म्हणून वर्षानुवर्षं लिहिलेल्या नोंदी होत्या त्या. पोरांनी गट करून ज्या भागांत जाता येत होतं तिथे गाठलं. जिथे नाही तिथली नावं आणि पत्ते बचाव पथकांकडे पोहोचवले. कोणत्या आजी अनोळखी माणसाबरोबर होडीत बसणार नाहीत आणि कुणाचं नाव सांगितलं तर बसतील, हेसुद्धा तिला ठाऊक होतं.

पाणी ओसरल्यावर खरा प्रश्न बैठकीत आला. सजावटीचे, रोषणाईचे, वाद्यवृंदाचे पैसे गोळा झालेले होते. नदीकाठच्या वस्त्यांमध्ये घरांत चिखल, भांडी वाहून गेलेली, धान्य कुजलेलं. आमच्या घरांतून कामाला येणाऱ्या कितीतरी बायका तिथल्याच. पैसे तिकडे वळवावेत असं बहुतेकांना वाटत होतं. खजिनदारकाका म्हणाले, "गणपतीच्या नावाने घेतलेला पैसा गणपतीलाच." काही मुलं चिडली. ती चिडली नाही. ती म्हणाली, काकांचा मुद्दा खरा आहे, ज्यांनी दिले त्यांना विचारायला हवं. मी चिटणीस असते तर बहुमताने ठराव करून मोकळी झाले असते. तिची रीत लांबची होती आणि माझ्यापेक्षा चांगली होती. पोरांनी घरं वाटून घेतली, प्रत्येक वर्गणीदाराला विचारलं. ज्यांनी नाही म्हटलं त्यांची रक्कम उत्सवातच राहिली. ज्यांनी हो म्हटलं त्यांचा वेगळा हिशेब, वेगळं पावतीपुस्तक. आणि तो वेगळा हिशेब तिने खजिनदारकाकांकडेच सोपवला. त्यांनी तो असा ठेवला की एका बादलीचीही पावती चुकली नाही. मूर्ती, पूजा, आरती, गौरीचं हळदीकुंकू सगळं नेहमीसारखं झालं. रोषणाई नव्हती. चतुर्थीच्या आदल्या रात्रीपर्यंत मांडवात धान्याची आणि भांड्यांची पोती रचलेली होती, पहाटे ती हलवून चौरंग मांडला.

त्या बैठकीत माझ्याकडे कुणी मान वळवली नाही. मी चहाच्या टेबलापाशी होते.

उत्सवानंतर काही ज्येष्ठ घरी आले. "अजून एक वर्ष राहा, पोर नवी आहे." माझ्यावरचं प्रेमच होतं त्यामागे. मी त्यांना मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीचं उदाहरण दिलं, आमच्यापैकी बहुतेकांचं लहानपण तिथल्या पुस्तकांवर गेलंय. सयाजीरावांनी त्यासाठी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले. त्यांनी इथल्या माणसांसाठी ग्रंथपालनाचा वर्ग चालवला आणि 1913 मध्ये ते परत गेले. पुढची चळवळ कुडाळकरांसारख्या इथल्या लोकांनी राज्यभर नेली. बॉर्डन आणखी दहा वर्षं राहिले असते तर कुडाळकर दहा वर्षं मदतनीस राहिले असते, असं माझं मत आहे. ज्येष्ठ फार पटल्यासारखे दिसले नाहीत, पण त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही.

मग कागद. आमचं मंडळ सार्वजनिक ट्रस्ट म्हणून नोंदलेलं आहे, म्हणजे विश्वस्त बदलले की 90 दिवसांत चॅरिटी कमिशनरच्या कचेरीत फेरफाराचा अर्ज द्यावा लागतो. ठरावाची प्रत, राजीनामा, नव्या विश्वस्ताची संमती. हे काम राहून गेलं तर कागदोपत्री जुनीच माणसं वर्षानुवर्षं विश्वस्त राहतात आणि भांडण झालं की सगळं तिथेच येऊन अडतं. आम्ही मुदतीत अर्ज दिला. बँकेतून माझी सही काढली. सहचिटणीस म्हणून माझं वर्षही संपलं.

आता तिने स्वतःचा जोडीदार निवडला आहे, कॉलेजात शिकणारा मुलगा. तिची निवड मला पहिल्यांदा कळली ती बैठकीतच, आधी विचारलं नव्हतं. मुलगा थोडा अबोल आहे. ती त्याला फेरीला नेते आणि दारात काय म्हणते ते मी ऐकलेलं नाही, पण मूर्तिकार परवा मला म्हणाले की नवा पोरगा येऊन शेडचं माप घेऊन गेला.

सोपवायचं एकच माणूस उरलंय. नवापुऱ्यातल्या एक आजी आहेत, त्या दर वर्षी वर्गणी आणि स्वतः वळलेल्या वाती देतात, आणि माझ्याशिवाय कुणाला दार उघडत नाहीत. मुलगी दोनदा जाऊन आली, आजी आतूनच म्हणाल्या, "तिला पाठव." यंदा आषाढात आम्ही दोघी जाणार आहोत. मी पावती लिहीन, बोलेल ती. आजींना कानाने कमी ऐकू येतं, म्हणून तिने आत्ताच ठरवलंय की उजव्या बाजूला बसायचं आणि पहिल्या दिवशी वर्गणीचा विषयच काढायचा नाही.